बिनविरोध गावातला एक अर्ज

हे लिहायला घेताना मला संकोच वाटतो, तो आधी सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी पुस्तकं वाचायला लागलो तेच उशिरा, आणि वाचलेलं सगळं कळलं असंही नाही. ज्या विषयावर मोठमोठ्या माणसांनी आयुष्यभर विचार केला, काहींनी त्यापायी तुरुंग भोगले, त्यावर मंचरच्या एका कॉलेजातल्या पोरानं चार पानं लिहावीत हे माझं मलाच आगाऊपणाचं वाटतं. शिवाय यात माझ्या आईबद्दल असं काही येणार आहे, जे मुलानं चारचौघांत बोलू नये असं आमच्याकडे मानतात. वाचणाऱ्यांनी तेवढं पोटात घालावं. आईला मी विचारलं होतं. ती म्हणाली, “लिही की. त्यात लाजायचं काय? खरं हाय ते.”

तिसऱ्या वर्षाला आम्हाला इंग्रजीचा एक पेपर होता. त्यात पुढच्या काळातल्या कल्पित राज्यांच्या कादंबऱ्या होत्या. त्या राज्यांत माणसानं कधी उठायचं, काय बोलायचं, कुणावर जीव लावायचा, सगळं वरून ठरलेलं असतं. वर्गात आम्ही त्याला डिस्टोपियाच म्हणायचो. सरांनी एक मराठी शब्द सांगितला होता, पण तो कुणाच्या तोंडात बसला नाही. सर चांगले होते. शिकवण्यात रंगले की हातातला खडू वापरायला विसरायचे. त्यांच्यामुळे मी लायब्ररीतून तसली आणखी पुस्तकं काढली. काही इंग्रजीतून अडखळत वाचली, काही मराठी अनुवादातून. वाचून वाचून डोक्यात सगळ्यांचं मिळून एकच शहर तयार झालं. राखाडी भिंती, कोपऱ्याकोपऱ्यावर पहारेकरी, घराघरात ऐकणारं यंत्र, आणि एक एकटा माणूस, जो मनातल्या मनात ‘नाही’ म्हणतो.

एकदा मी वर्गात हात वर केला. मी सहसा करत नाही.

“सर, या माणसांना चुलते नसतात का?”

सगळा वर्ग हसला. मागून एकजण म्हणाला, “सर, ह्याला चुलत्यानं लई छळलेलं दिसतंय.”

सरही हसले. मग थांबून म्हणाले, “प्रश्न वाईट नाही. असली सत्ता सगळ्यात आधी नाती तोडते. बापाला मुलाची भीती वाटली पाहिजे, नवऱ्याला बायकोची. माणूस एकटा पडला की ताब्यात येतो. आणि स्वातंत्र्य म्हणजे तरी काय? नाही म्हणता येणं.”

मी ते लिहून घेतलं. ते खरंही असेल. पण मला विचारायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते मला तेव्हा मांडता आलं नाही. आता प्रयत्न करतो.

आमचं गाव मंचरपासून फार लांब नाही. हायवे सोडून आत वळलं की आधी बटाट्याची आणि कांद्याची शेतं, मग ऊस, मग गावठाण. आम्ही गावठाणात राहत नाही, मळ्यात राहतो. मळ्याची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून येते आणि उसात बिबट्या असतो. हे सांगताना आमच्याकडे कुणी आवाज वाढवत नाही. असतो म्हणजे असतो. पहाटे डेअरीला दूध घालायला बायका निघतात त्या चौघीपाचजणी मिळून, मोबाइलवर भजन मोठ्यानं लावून. त्या वाटेवर दिवे लावा, एवढीच मागणी आई दर ग्रामसभेत करायची. ग्रामसभेत बायका भिंतीच्या कडेनं बसतात. आई उभी राहून बोलायची. सगळे शांतपणे ऐकून घ्यायचे, “पुढच्या आराखड्यात घेऊ” म्हणायचे आणि चहा यायचा.

मागच्या निवडणुकीत गावात फार वाईट झालं होतं. दोन पॅनेल, सख्खे भाऊ दोन बाजूंना. निकालाच्या दिवशी गुलालाबरोबर काठ्या निघाल्या आणि एका तरण्या पोराचा डोळा गेला. त्या वर्षी यात्रा दोन झाल्या, पालख्या दोन निघाल्या, लग्नातल्या पंगतीसुद्धा वेगळ्या बसल्या. म्हणून पुढची निवडणूक बिनविरोध करायची असं निघालं, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की आमचं गाव दुष्ट आहे. गाव दुष्ट नाही. जे झालं ते चांगल्या माणसांनी केलं, म्हणूनच मला ते अजून गिळता येत नाही.

यात्रेच्या बैठकीला खंडोबाच्या देवळात घरटी एक पुरुष बोलावला. प्रत्येकानं देवापुढचा बेलभंडारा, म्हणजे बेलाचं पान आणि हळद, उचलायचा आणि म्हणायचं, ‘जाणती माणसं जी नावं ठरवतील ती मला मान्य. मी उभा राहणार नाही, कुणाला उभं करणार नाही.’ आमच्या घराचा बेलभंडारा वडिलांनी उचलला. आमच्याकडे बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर देव घरात काहीतरी करतो असं मानतात. वडील ते मनापासून मानतात. त्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांच्या बोटांना हळद तशीच होती आणि जेवायला बसेपर्यंत त्यांनी ती धुतली नाही.

त्यानंतर आरक्षणाची सोडत निघाली. आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली. म्हणजे ज्यांनी शपथ घेतली होती त्यांना उभं राहताच येणार नव्हतं, आणि ज्यांना येणार होतं त्या शपथेच्या वेळी देवळामागं प्रसादाचा भात शिजवत होत्या. एवढी मोठी फट राहिली आणि गावातल्या एकाही जाणत्या माणसाच्या ती लक्षात आली नाही. त्यांच्या लेखी बाई उभी राहते ती कुणीतरी उभी केली म्हणून, आणि उभी करणारे सगळे तर शपथेत आले होते. आमच्या वॉर्डासाठी त्यांनी सोसायटीच्या चेअरमनच्या सुनेचं नाव ठरवून टाकलं. ती सून स्वभावानं गरीब होती. तिला मळ्याची वाट माहीत नव्हती आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

वडिलांनी ही बातमी जेवताना सांगितली. आई भाकरी थापत होती.

“आपल्या वॉर्डात चेअरमनची सून.”

“कुणी ठरवलं?”

“गावानं.”

“मी गावात न्हाई का?”

“अगं, म्या बेल उचललाय. उभा राहणार न्हाई, कुणाला उभं करणार न्हाई.”

“तुमी उचललाय न्हवं? मग तुमी राहू नका. मला बी करू नका. माझी मी राहते.”

वडील हसले. खरोखर हसले. त्यांना तो विनोदच वाटला. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि ती हसत नाही हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. मग त्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी माझे थोरले चुलते आले. गावानं ज्या जाणत्या माणसांवर नावं सोपवली होती, त्यांतले ते एक. त्यांच्याबद्दल वाईट लिहिणं मला जमणार नाही. बारावीनंतर मला टेम्पोवर क्लीनर म्हणून लावायचं घाटत होतं, तेव्हा “पोराला शिकू द्या” असं म्हणणारे तेच होते. पण आमच्याकडे थोरला दीर भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. ती डोक्यावर पदर घेऊन आत असते, तो ओट्यावर असतो, आणि मध्ये कुणीतरी लागतं. त्या दिवशी मध्ये मी होतो.

चुलते मला म्हणाले, “तुझ्या आईला म्हणावं, पाच वर्सांनी गावात शांतता आलीया.”

मी दारातून आत वळून ते सांगितलं. आईला ते आधीच ऐकू गेलं होतं.

“त्यांना म्हणावं, शांतता मला बी पायजे. वाटंवर उजेड बी पायजे.”

“म्हणावं, दिवं लावू. माझा शब्द.”

“म्हणावं, त्यो शब्द मागच्या सरपंचानं बी दिला व्हता. बिबट्या काय त्याला घाबरला न्हाई.”

चुलत्यांना हसू आलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवून ते लपवलं.

“म्हणावं, घर आपलं एक. लोक मला इचारत्यात, तुमच्याच घरातनं फाटाफूट का म्हणून. मी काय तोंड दावू?”

आतून आई म्हणाली, “म्हणावं, तुमी वडीलधारं. तुमाला उलट बोलायचं न्हाई मला.”

“आरं, मग समदं गाव हो म्हणतंय आन ही एकटीच न्हाई म्हणती, हे बरं दिसतं का? इचार तिला.”

“म्हणावं, मी कुठं न्हाई म्हणते? मी बी हाय, एवढंच म्हणते.”

हे वाक्य मी चुलत्यांना जसंच्या तसं पोचवलं. सरांनी वर्गात स्वातंत्र्याची व्याख्या केली होती, ‘नाही म्हणता येणं’. आईला नाही म्हणायचंच नव्हतं. तिला गावाचं काही मोडायचं नव्हतं, कुणाला पाडायचं नव्हतं. गाव म्हणून जी मोजदाद चालली होती तीत आपण आहोत, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि चुलते उठून जाताना मला हळूच म्हणाले ते हे, “तुझ्या आईला कुणीतरी फूस लावलीय. कोण त्ये शोध.”

शेवटी ती फट जाणत्या माणसांच्याही ध्यानात आली. मग बायकांचाही बेलभंडारा करायचं ठरलं. अर्ज भरायच्या मुदतीआधी सगळ्या बायकांनी देवळात यायचं, वर हळदीकुंकू आणि चहापोहे. आमच्याकडे निरोप घेऊन थोरली चुलती आली. आई चुलीपुढं होती.

“चल, आवर. समद्या निघाल्यात.”

आई म्हणाली, “मला न्हाई येता येणार, बाई. मी बाजूला हाय.”

म्हणजे पाळी. आमच्या घरात आता कुणी ते पाळत नाही. आई त्या दिवसांत भाकरीही करते आणि गुरांचंही बघते. पण देवळाची पायरी चढत नाही, कुणीच चढत नाही, आणि बेलाला हात लावणं तर सोडूनच द्या.

चुलतीनं आईच्या पिठाच्या हाताकडं बघितलं, चुलीकडं बघितलं.

“कवापास्नं?”

“आत्ताच.”

चुलतीनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. जाताना दारात वळून म्हणाली, “लई बारा गावचं पानी प्यालीयास गं तू.” पण तिनं देवळात जाऊन सांगितलं ते आईनं सांगितलं तेच. त्यावर कुणाला काही बोलता येईना. जो नियम आईला वर्षानुवर्षं देवळाबाहेर उभं करत होता, त्याच्या आडोशाला ती चार दिवस जाऊन उभी राहिली. अर्जाची मुदत त्या चार दिवसांतच होती.

घोडेगावला तहसिलीत मी तिच्याबरोबर गेलो. अर्ज आधी कॉम्प्युटरवर भरावा लागतो. सेंटरवरचा मुलगा टाइप करता करता म्हणाला, “मावशी, पॅनेल कुठलं?”

“माझंच.”

“आन मालक कुठं हायत?”

“कांद्याच्या रोपाला पानी देत्यात.”

तो माझ्याकडं बघून हसला, “भाऊ, तुमची आई निवडून येणार राव.” आईनं सही केली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. सही करताना ती प्रत्येक अक्षर पूर्ण करून मगच पुढचं घेते, आणि रांगेतले लोक थांबतात. परत येताना एसटीत ती खिडकीकडं बसली होती आणि अधूनमधून आपल्या अंगठ्याकडं बघत होती. तिथं शाईचा डाग नव्हता, तरी बघत होती.

छाननीत अर्ज टिकला. आता माघारीच्या मुदतीपर्यंत जो काय वेळ होता तो. त्या दिवशी तीन वाजेपर्यंत अर्ज राहिला तर मतदान होणार, म्हणजे गाव बिनविरोध राहणार नाही. सगळ्या गावात फक्त हा एकच अर्ज जादा होता.

मला वाटलं होतं, आता कुणी धमकी देईल. मी खरंच वाट बघत होतो. पुस्तकांमुळे माझी तशी समजूत झाली होती. रात्री कुणी दार वाजवेल, कुणी मोटरचा पाइप फोडेल. तसलं काहीही झालं नाही. गावात जो तो मला पूर्वीपेक्षा प्रेमानं विचारायचा, “काय पावणं, कॉलेज काय म्हणतंय?” फक्त आमची सावड बंद पडली.

सावड म्हणजे अशी रीत की आज सगळ्याजणी मिळून माझ्या रानात काम करायचं, उद्या तुझ्या, परवा तिच्या. पैसे नाहीत, हाताला हात. कांदा लावायच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, सावडीवरच सगळं चालतं. आईच्या सावडीत आठनऊ बायका होत्या. आईनं त्यांच्यातल्या दोघीतिघींच्या रानांत कांद्याची लागण करून दिली होती, बाकीच्यांची आमच्यानंतर व्हायची होती. आमच्या रानाचा नंबर आला तेव्हा आदल्या सांजेला एकीचा निरोप आला, पोराला ताप आहे. दुसरीला माहेरी जायचं होतं. तिसरी म्हणाली, “ह्यांनी बटाट्याला बोलावलंय.” कुणी खोटं बोलतंय असं वाटू नये एवढ्या साध्या सबबी. रोपं उपटायला आलेली, वाफे भिजवलेले. आई, वडील आणि मी, तिघंच वाकून लावत होतो. दिवसभरात जे झालं ते बांधावरून बघितलं तर झालंय असं वाटतच नव्हतं. रोप फार दिवस थांबत नाही. वाढलं की त्याचा कांदा नीट पोसत नाही.

वडील आईशी भांडले नाहीत. त्यांनी बोलणंच कमी केलं. एकदा वाफ्यात माझ्याजवळ येऊन म्हणाले, “म्या देवापुढं शब्द दिला. माझ्या घरातनंच त्यो मोडला तर गुरंढोरं, तू, कुणावर काय येईल? तू शिकलाईस. तू सांग तिला.” त्यांची भीती खरी होती, आणि ती त्यांना कुणी घातली असं बोट दाखवावं तर देवळातल्या गर्दीत सगळ्यात पुढं तेच उभे होते.

त्याच दिवसांत सरांनी मला कॉलेजच्या चर्चासत्रात बोलायला सांगितलं. विषय होता, सर्वंकष सत्ता आणि व्यक्तीचं स्वातंत्र्य, कादंबऱ्यांच्या आधारानं. तारीख नेमकी माघारीच्या दिवसाची. सकाळी रानात लागण करायची आणि दुपारी सावलीत बसून भाषण लिहायचं असं माझं चाललं होतं. पहारेकऱ्यांवर लिहिलं, ऐकणाऱ्या यंत्रांवर लिहिलं. वाचून बघितलं की ते बरोबर वाटायचं, पण मान वर केली की समोर आईची वाकलेली पाठ दिसायची आणि पानावरच्या एकाही शब्दाचा तिच्याशी संबंध लागायचा नाही. त्या कादंबऱ्यांतली सत्ता घरं मोडते, कारण तिला घराची भीती वाटते. आमच्याकडे घर मोडायची गरजच पडली नव्हती. चुलते, चुलती, वडील, सावडीतल्या बायका, सगळी घरचीच माणसं, आणि सगळी आईवर माया करणारी. तिथं माणसाला एकटं पाडतात तेव्हा निदान त्याला कळतं की समोर शत्रू आहे. आईच्या समोर कुणीच नव्हतं. सगळे तिच्या बाजूलाच उभे होते, खेटून.

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही रानात पोचलो तर बांधावर बायका बसलेल्या. सावडीतल्या सगळ्या, आणि वर दोघीतिघी जास्त. चुलतीही होती. कुणी बोलावलं नव्हतं.

“अगं, किती उशीर? ऊन डोक्यावर आलं,” एकजण म्हणाली.

“लेकराचा ताप?” आईनं विचारलं.

“उतरला.”

“आन तू माह्यारी गेली व्हतीस ना?”

“गेली व्हते, आले. का, माह्यारीच राहू? दादला दुसरी करंल.”

हसाहशी झाली. वाफ्यात उतरल्या आणि भराभर लागण सुरू झाली. बोलणं चालू, टोमणे चालू. एक म्हातारी चुलतीला म्हणाली, “तुझी रोपं बघ कशी वाकडी, तुझ्या मालकाच्या मिशीवानी.” चुलती म्हणाली, “मिशी तरी हाय. तुझ्याला ती बी न्हाई.” अर्जाबद्दल दिवसभरात एक शब्द कुणी काढला नाही. मी कान देऊन ऐकत होतो. एकही नाही. आई सुरुवातीला गप्प होती, मग तीही बोलायला लागली. मला तर इतकं बरं वाटत होतं की मी पळत जाऊन सगळ्यांसाठी भजी घेऊन आलो. वाटलं, बायका नवऱ्यांना न जुमानता आल्या. आता काही भीती नाही.

सूर्य कलला तेव्हा शेवटचा वाफा झाला. सगळं रान एका दिवसात हिरवं दिसायला लागलं. बायका पाटाच्या पाण्यात पाय धुऊन निघाल्या. सगळ्यात वयस्क होती तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला.

“झालं बघ तुझं. आता सावड फेडाया ये हां.”

“येईन की,” आई म्हणाली. “कुणाच्यात आधी?”

म्हातारी म्हणाली, “रानातली आमी तुला माफ केली. तेवढं गावाचं बघ.”

एवढंच. आणि त्या गेल्या, उसातल्या वाटेनं, भजन लावून. आई बांधावर उभी राहिली. सावड घेऊन फेडली नाही असं तिच्या हातून आयुष्यात झालेलं नाही. आमच्या भागात कुणाच्याच हातून होत नाही. चोरी केलेला माणूस पुन्हा पंगतीत बसतो, सावड बुडवलेली बाई बसत नाही. त्या दिवशी तिला कुणी दाबलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर ती उभी राहिली असती याची मला खात्री आहे. त्यांनी तिचं सगळं रान लावून दिलं.

सकाळी मी म्हटलं, “मी कॉलेजला जात नाही. तुझ्याबरोबर घोडेगावला येतो.”

“घोडेगावला कोण चाललंय?” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “तू जा. तुझं भाषण हाय. एवढं लिव्हलंयस.”

“पण तू अर्ज मागं घ्यायला जाणार नाहीस ना?”

ती माझा डबा बांधत होती. तिनं फडक्याची गाठ दोनदा मारली. वडील बाहेर अंघोळ करून धुतलेला सदरा घालत होते. मला एसटी गाठायची होती.

चर्चासत्रात मी बरा बोललो असं सगळे म्हणाले. हॉल भरलेला होता. मी पहारेकरी सांगितले, यंत्रं सांगितली, एकटा माणूस सांगितला. चुलत्यांचं, बेलभंडाऱ्याचं, सावडीचं मी काही बोललो नाही. ते बोलायचं कसं हेच मला कळत नव्हतं. माझ्या आईनं अर्ज भरला आहे हे मी कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. टाळ्या झाल्या. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. आईचा वाजत राहिला. वडिलांचा बंद होता. चुलत्यांचा लावायला धीर होईना. गेटजवळच्या लिंबाखाली मी उभा राहिलो. तीन वाजून गेले होते. हायवेवरून कांद्याच्या गाड्या चालल्या होत्या आणि त्यांच्या आवाजात फोन वाजला तर कळणार नाही म्हणून मी तो हातातच धरला होता.

तेवढ्यात सर मोटरसायकल घेऊन बाहेर आले. मला बघून थांबले, हेल्मेट काढलं. त्यांचा चेहरा खुललेला होता.

“अरे, तू त्याच गावचा ना? अभिनंदन! बिनविरोध झालं तुमचं गाव. आत्ताच ग्रुपवर आलंय. एका बाईंचा अर्ज तेवढा राहिला होता म्हणे, त्यांनीही शेवटी स्वतः येऊन माघार घेतली, सगळं गाव बरोबर घेऊन, हसतमुखानं. संध्याकाळी देवळात त्यांचा साडीचोळी देऊन सत्कार आहे. तू जा बाबा लवकर, चुकवू नकोस. बाकीच्या गावांत बघ, नुसती डोकी फुटतात. गाव असावं तर असं.”